आपल्याच युद्धात नापास

इमारतीच्या खालच्या मजल्यावर रहिवाशांच्या नावांचा फळा होता. तो रंगवायला रंगारी आला नसता, तर पायलटसाहेबांचं उरलेलं आयुष्य बऱ्यापैकी सुखात गेलं असतं. रंगाऱ्याने प्रत्येक नावापुढे पदवी लिहायची असं कुणीतरी परस्पर ठरवलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या विमेकाकांच्या नावापुढे तीन पदव्या आल्या. विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या माणसाला तीन पदव्या कशाला लागतात, हा प्रश्न कुणी विचारला नाही. समोरच्या दातांच्या डॉक्टरांची पदवी इतकी लांब होती की ती फळ्याच्या चौकटीवर चढली. मग रंगारी पायलटसाहेबांपाशी आला आणि ब्रश हवेत धरून म्हणाला, "साहेब, पुढे काय लावू?"

पुढे लावण्यासारखं काही नव्हतं. शाळा सुटल्यासुटल्या हा माणूस हवाई दलात गेला होता. हेलिकॉप्टर उडवायला शिकला, युद्धात भर गोळीबारातून माणसं उचलून आणली, पदक मिळवलं, केस पांढरे केले आणि निवृत्त झाला. यात पदवी घ्यायला वेळच मिळाला नव्हता.

"काही नको लावूस," ते म्हणाले.

"मग मोकळं दिसेल," रंगारी म्हणाला आणि नावापुढे एक फूल काढून निघून गेला.

फूल पिवळं होतं. त्या फुलाने साहेबांची झोप उडवली.

आता हेलिकॉप्टर उडवणारा माणूस फुलाने घायाळ व्हावा, हे ऐकायला गमतीचं वाटेल. पण निवृत्त माणसाचा स्वाभिमान फार पातळ झालेला असतो. साहेबांच्या कानाची एक शीर कामातून गेल्यापासून त्यांना खासगी उड्डाणाचीही परवानगी उरली नव्हती. दिवसभर घरात बसून ते बायकोच्या स्वयंपाकावर देखरेख करत. गॅस पेटवण्याआधी ते तिला शेगडीची, नळीची आणि वाऱ्याच्या दिशेची तपासणी करायला लावत. बायको एकदाच शांतपणे म्हणाली होती, "अहो, एक तर तुम्ही काहीतरी करा, नाहीतर मी करीन." ती काय करील हे तिने सांगितलं नाही, त्यामुळे ते जास्तच भीतिदायक वाटलं.

अशा वेळी विमेकाका धावून आले. विमेकाका नेहमीच धावून येत. कुणी बोलावण्याची वाट पाहणं त्यांच्या स्वभावात बसत नसे.

"अहो, माजी सैनिकांना शिक्षणाची सवलत असते! सगळं फुकट," ते सोफ्यावर बसत म्हणाले. "साठीच्या आत घ्यावी लागते. तुम्ही किती वर्षं ती वाया घालवलीत!"

साहेबांच्या मनात हवामानशास्त्र होतं. आयुष्यभर ढगांशी भांडून झालं होतं, निदान ते का भांडतात हे तरी कळावं.

"छे! त्यात गणित असतं," विमेकाका म्हणाले. "इतिहास घ्या. त्यात आपलं युद्ध आहे. तुम्ही स्वतः त्यात होतात! अभ्यासच करायला नको. तुम्ही म्हणजे चालतंबोलतं पाठ्यपुस्तक."

हे साहेबांना पटलं. एवढी एक गोष्ट त्यांना पटली नसती, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

सवलतीच्या कचेरीत खिडकीमागे एक कारकून होता. त्याच्या टेबलावर एक पंखा होता आणि तो फक्त त्याच्याकडेच बघत असे.

"युद्धात प्रत्यक्ष भाग घेतला होता का?" त्याने विचारलं.

"हो. मी सुटका करणाऱ्या तुकडीत होतो."

"म्हणजे लढलात का?"

"माणसं उचलली."

"कुठून?"

"नदीतल्या बेटावरून."

"आणि कुठे ठेवलीत?"

"आपल्या काठावर."

"मग काठावरच्यांची पोच असेल ना?" कारकून म्हणाला. "माल उतरवला की पोच घ्यायची असते."

साहेबांनी पदकाचा कागद पुढे सरकवला. कारकुनाने तो उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि हे पोच म्हणून चालवून घेतो असं उपकाराच्या सुरात सांगितलं. मग नियम ऐकवले. विषय एकदा घेतला की बदलायचा नाही. शेवटच्या परीक्षेत नापास झालात की फाईल बंद, पुन्हा उघडत नाही. आणि हयातीचा दाखला लागेल. "मी तुमच्यासमोर उभा आहे की," साहेब म्हणाले. त्यावर कारकून म्हणाला, "उभे सगळेच असतात."

कॉलेजच्या पहिल्या दिवशी शिपायाने त्यांना फाटकावरच अडवलं आणि पालकांनी बाहेर थांबायचं असं बजावलं. वर्गातल्या मुलांनी त्यांना दोन दिवस 'सर' म्हटलं, तिसऱ्या दिवसापासून 'आजोबा'. साहेबांनी हे सगळं सोसलं, कारण त्यांना माहीत होतं की एकदा का युद्धाचा धडा आला की वर्ग त्यांच्या पायाशी बसणार आहे.

त्यांची युद्धाची गोष्ट इमारतीत सगळ्यांना पाठ होती. बायकोला तर इतकी पाठ होती की चहा कुठे आणायचा आणि कप कुठे उचलायचे हे ती गोष्टीच्या वळणांवरून ठरवत असे. नदीच्या मधोमध वाळूचं बेट, दोन्ही काठांवर दोन सैन्यं, मधे आपले अडकलेले जवान. साहेबांनी फेऱ्या मारून सगळ्यांना उचललं. शेवटची फेरी संपवून परत फिरले, इंधनाचा काटा तळाला टेकलेला, गडद धुकं, आणि धुक्यातून दिसलं की बेटाच्या टोकाला एक माणूस उभा आहे आणि पांढरं फडकं हलवतोय. "सोडून कसा जाणार?" साहेब इथे थांबत. बायको इथे चहा आणी. "मी वळलो." त्या वळण्याला पदक मिळालं होतं. खरं सांगायचं तर त्यानंतर आयुष्यात जे जे फसलं, म्हणजे बढती, तब्येत आणि एक जमिनीचा व्यवहार, त्या सगळ्यावर साहेबांनी हे एक वळण मलमासारखं लावलं होतं.

युद्धाचा धडा आला. त्यावर चाचणी झाली. प्रश्न होता, 'नदीवरील सुटका मोहीम कोणत्या परिस्थितीत पार पडली?' साहेबांना गहिवरून आलं. त्यांनी पुरवण्यांमागून पुरवण्या मागितल्या. धुकं लिहिलं, पंख्याचा आवाज लिहिला, तेलाचा वास लिहिला.

ते नापास झाले.

उत्तरपत्रिका हातात घेऊन ते मॅडमच्या खोलीत गेले. मॅडम वयाने त्यांच्या लेकीएवढ्या, चष्म्याआडून फार प्रामाणिकपणे बघणाऱ्या.

"मॅडम, काहीतरी चूक झालीय. मी तिथे होतो."

"मला कल्पना आहे, सर. पण तुम्ही धुकं लिहिलंय. पुस्तकात त्या दिवशी हवा स्वच्छ होती."

"पुस्तक तिथे नव्हतं!"

"हो, पण पुस्तकाने कागदपत्रं तपासलीत. तुम्ही लिहिलंय ती आठवण आहे. मला इतिहास हवाय." मग त्या जरा मऊ झाल्या. "तुम्ही तिथे होतात, म्हणूनच तुमच्या एकट्याच्या शब्दावर विसंबता येत नाही. राग मानू नका. असं करा, शेवटच्या तोंडी परीक्षेसाठी हाच विषय घ्या. आणखी साक्षीदार शोधा. त्यांची आठवण तुमच्याशी जुळते का बघा. मी तसं रीतसर नोंदवून ठेवते."

संध्याकाळी ही बातमी इमारतभर झाली. लढलेल्या युद्धात नापास झालेला जगातला पहिला सैनिक, असं दातांचे डॉक्टर जिन्यात कुणालातरी सांगत होते. साहेबांना ऐकू कमी येई, पण नेमकं हे ऐकू आलं.

साक्षीदार म्हणजे पहिला विंचू. विंचू हे त्याचं तुकडीतलं नाव. हेलिकॉप्टरमधून दोर खाली सोडायचा आणि माणूस वर ओढायचा जो विंच असतो, तो हा चालवी, म्हणून विंचू. त्याची जीभ पाहता ते नाव एरवीही पडलंच असतं. तो आता शहराच्या दुसऱ्या टोकाला मुलाकडे राहत होता आणि गॅलरीत कुंड्यांमधून मिरच्या लावत होता. दोघं गळाभेट घेऊन बसले आणि पाचव्या मिनिटाला भांडायला लागले.

"धुकं? कसलं धुकं?" विंचू म्हणाला. "ऊन माझ्या डोळ्यात जात होतं."

"अरे, गडद धुकं होतं! मला समोरची काच दिसत नव्हती."

"काच तू पुसली नव्हतीस."

"आणि मी वळलो तेव्हा..."

"मी म्हणालो वळ, तेव्हा तू वळलास. तू तर सरळ घरी निघाला होतास. काट्याकडे बघून रामरक्षा म्हणत होतास."

साहेब उठून उभे राहिले. एवढ्यात सुनेने चहा आणला म्हणून बसले. चहा पिताना विंचूने मनगट पुढे केलं. त्यावर अर्धगोल, जुना, पांढुरका वण होता.

"हे आठवतं? तुझा तो शेवटचा माणूस. दोराला हातच लावेना. शेवटी मीच खाली उतरलो आणि त्याला कवेत घेतला. त्याने अशी झटापट केली, अशी झटापट केली, की विचारू नकोस. चावला मला."

"घाबरला असेल बिचारा."

"मीही तेच म्हणालो तेव्हा," विंचू म्हणाला आणि वणाकडे जरा वेळ बघत राहिला. "तो इथेच असतो, माहितीये? टपाल कचेरीच्या मागे किल्ल्या करतो. मी एकदा कुलूप घेऊन गेलो होतो. मी ओळखलं. त्यानेही ओळखलं असणार. पण बोलला नाही."

साहेबांचा चेहरा उजळला. ज्याच्यासाठी वळलो तो माणूस जिवंत आहे, आणि बसने जाण्याइतका जवळ! त्यांनी घरी येऊन मॅडमना फोनवर साक्षीदारांचे पत्ते कळवले आणि बायकोला कोट इस्त्री करायला सांगितलं.

"किल्लीवाल्याकडे कोट घालून जाणार?"

"अगं, तो मला मिठी मारेल. बरं दिसलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं टपाल कचेरीच्या मागच्या गल्लीत गेले. भिंतीला टेकवलेलं एक लाकडी खोकं, त्यावर तारेत ओवलेल्या किल्ल्यांचे झुबके, आणि मागे एक रोडका माणूस, हातात कानस. तो कुणाच्यातरी दाराची किल्ली घासत होता.

"कुलूप आणलंय का?" वर न बघता त्याने विचारलं.

"नाही," साहेब म्हणाले. "आम्ही... युद्धात... ते बेट..."

कानस थांबली. त्या माणसाने आधी विंचूच्या मनगटाकडे पाहिलं, मग साहेबांच्या कोटाकडे. "चालवत होते ते तुम्हीच का?"

"मीच!" साहेबांनी हात पसरले.

"केव्हापासून तुम्हाला एक विचारायचं होतं," किल्लीवाला म्हणाला. "माझ्या बदकांचं काय झालं?"

साहेबांचे हात पसरलेलेच राहिले. "कसली बदकं?"

"माझी. मी बेटावर बदकं पाळायचो. घर होतं माझं तिथे. तुमच्या त्या पंख्याने छप्पर उडालं, बदकं पाण्यात गेली, आणि मी ओरडतोय, फडकं हलवतोय, की जा, जा म्हणून..."

"जा म्हणून?" साहेब म्हणाले.

"मग काय, या म्हणून? बसायला पाट मांडणार होतो का? आधी गेलात तेव्हा मी म्हटलं, सुटलो. तर तुम्ही वळलात!"

गल्लीतून एक सायकल गेली. घंटी वाजली. साहेबांनी हळूच हात खाली घेतले.

"पण गोळीबार चालू होता," विंचू म्हणाला. त्याच्या आवाजातला डंख कुठे गेला होता कोण जाणे. "दुसऱ्या दिवशी तोफांनी ते अख्खं बेट भाजून काढलं. तू मेला असतास."

"मेलो असतोही. ते तुम्हालाही माहीत नव्हतं आणि मलाही." त्याने किल्ली उजेडात धरून पाहिली. "गोळीबार तर रोजचाच होता. आम्हाला कळायचं कुठे बसायचं ते."

"आम्हाला म्हणजे?"

"आई होती. त्या सकाळी ती पलीकडच्या काठावर अंडी विकायला गेली होती. संध्याकाळी येणार होती." तो पुन्हा घासायला लागला. "युद्ध संपल्यावर मी परत निघालो, तर चौकीवर म्हणाले, बेट आता त्यांच्याकडे गेलं. कागद दाखव. आता कागद छपराच्या वाशात खोचलेले. छप्पर तुम्ही उडवलंत."

साहेबांनी विचारलं, "आईचं पुढे..."

"काय माहीत. येऊन तिने बघितलं असेल. घर नाही, मी नाही, बदकं नाहीत." कानस करकरली. "नाहीतर आलीच नसेल. मला दोन्ही बाजूंनी विचार करायची सवय झालीय."

परतीच्या बसमध्ये साहेब आणि विंचू शेजारी बसले, पण धुकं होतं की ऊन यावर त्यांचं भांडण झालं नाही.

घरी बायकोने दार उघडलं आणि नवऱ्याचा कोट पाहून तिला काय ते कळलं. सुरकुती पडली नव्हती. मिठी झाली नव्हती. त्यांनी सगळं सांगितलं. ती पुन्हा विळीवर बसून ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी इतकी वर्षं ज्या ठिकाणी चहा आणत आले, त्या ठिकाणी त्याचं घर मोडत होतं." पुढचे कितीतरी दिवस साहेबांनी शेगडीची तपासणी केली नाही. बायकोला वाटलं होतं त्याने बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. एकदा तीच म्हणाली, "अहो, गॅस बघता का जरा?" ते म्हणाले, "तू बघ. तुला जमतं."

विमेकाका अर्थातच आले. "तोंडातून चकार शब्द काढू नका," ते दार लावून घेत म्हणाले. "पदक परत मागतील! आणि नुकसानभरपाई? बदकांचा विमा होता का?"

"विषय बदलतो मी," साहेब म्हणाले आणि सवलतीच्या कचेरीत गेले.

"विषय बदलायचा नाही," कारकून म्हणाला. "मी सांगितलं होतं."

"मग सोडून देतो."

"सोडलं म्हणजे नापास धरतात."

"मग परीक्षेला बसतो आणि गप्प राहतो."

"तुमच्या साक्षीदाराला कॉलेजातून बोलावणं गेलंय, प्रत इथे आलीय," कारकून म्हणाला. "तो गप्प राहील का?"

तोंडी परीक्षेच्या दिवशी किल्लीवाला साहेबांच्या आधी पोचला होता. धुतलेला शर्ट, तेल लावलेले केस. शिपायाने त्याला पालक समजून बाकावर बसवलं होतं. साहेबांना बघून तो उठला नाही, पण सरकला, आणि साहेब त्याच्या शेजारी बसले. पलीकडे विंचू बसला. बोलावणं येईपर्यंत तिघंही समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"तुम्ही जे आहे ते सांगा," साहेब एकदा पुटपुटले.

"बघू," किल्लीवाला म्हणाला.

आत मॅडम होत्या आणि बाहेरून आलेले परीक्षक होते. ज्या पुस्तकात हवा स्वच्छ होती ते पुस्तक लिहिणारे तेच. गोरेपान, हसतमुख, आणि स्वतःचा आवाज आवडणारे. साहेबांना घाम फुटला. बायकोने बळेच कोटावर लावलेलं पदक त्यांना मधमाशीसारखं टोचत होतं. परीक्षकांनी तेवढ्यात ते पाहिलं आणि म्हणाले, "वा! इतिहास स्वतः चालत आला म्हणायचा!" मग ते किल्लीवाल्याकडे वळले. "आणि हे ते शेवटचे गृहस्थ. सांगा बरं, हेलिकॉप्टर वळून आलं तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

साहेबांनी डोळे मिटले.

किल्लीवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग घसा साफ केला. "फडकं हलवत होतो साहेब. या, या म्हणून. हे देवासारखे आले. हे वळले नसते तर आज मी इथे नसतो."

"अगदी!" परीक्षक खूष झाले. "माझ्या पुस्तकात शब्दशः हेच आहे. आणि हवा?"

"स्वच्छ," किल्लीवाला म्हणाला. "कडक ऊन."

"म्हटलं नव्हतं!" विंचूच्या तोंडून निघून गेलं.

मॅडमनी हसून पेन उचललं. पदवी तिथे टेबलावर होती, हात लांबवला की मिळाली असती. काहीही न बोलणं एवढंच साहेबांना करायचं होतं, आणि ते काम ते आठवडाभर घरी व्यवस्थित करत आले होते.

"खोटं बोलतोय तो," साहेब म्हणाले.

पेन थांबलं.

"जा म्हणत होता तो आम्हाला. त्याचं घर होतं तिथे. आम्ही त्याला न विचारता उचललं. त्याने दोर धरला नाही, त्याला जबरदस्तीने ओढला. त्याची आई बाजारातून परत यायची होती." साहेबांनी कोटावरच्या पदकावर बोट ठेवलं. "आणि मला त्याबद्दल पदक मिळालं."

परीक्षकांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला. "म्हणजे तुमचा साक्षीदार खोटा आहे?"

"आत्ता खोटा आहे. एरवी खरा आहे."

"हे तुम्ही कशावरून म्हणता?"

"त्यानेच मला सांगितलं."

"त्याने तर मला आत्ताच वेगळं सांगितलं." परीक्षक किल्लीवाल्याकडे वळले. "काय हो?"

"साहेबांचं वय झालंय," किल्लीवाला ठामपणे म्हणाला. "घोळ होतो डोक्यात. मी आपणहून आलो होतो."

"आपणहून?" विंचू ताडकन उठला आणि बाही वर सारून त्याने मनगट परीक्षकांच्या नाकाखाली धरलं. "मग हे काय? हे दात कुणाचे?"

परीक्षकांनी चष्मा सरकवून वण पाहिला. "कुत्र्याचेही असू शकतील," ते म्हणाले. "कागदोपत्री काही आहे?"

कागद छपरात होते.

निकाल लगेच लागला. आपल्याच साक्षीदाराला खोटं पाडणाऱ्या विद्यार्थ्याला इतिहासाची पद्धत समजलेली नाही, असा शेरा पडला. मॅडम व्हरांड्यात मागोमाग आल्या. त्यांचे डोळे चष्म्याआड ओले होते. "सर, मला पटलं तुमचं. सगळं पटलं. पण पटलं म्हणून गुण देता येत नाहीत." साहेबांनी मान डोलावली. त्यांना त्या मुलीचं वाईट वाटलं. फाईल बंद झाली होती, आणि कारकुनाने सांगितलं तसं ती पुन्हा उघडणार नव्हती.

फाटकाबाहेर आल्यावर किल्लीवाला उसळला. "कशाला तोंड उघडलंत? झालं होतं ना सगळं!"

"तुम्ही खोटं का बोललात?"

"तुमच्या तोंडाकडे बघवेना मला. घामाने निथळत होतात. म्हटलं, एवढंसं बोलल्याने माणूस सुटत असेल तर बोलावं. आणि तुम्ही सगळं मातीत घातलंत. आयुष्यात पहिल्यांदा कुणावर उपकार करायला गेलो, तर हे!"

"मला नको होता तो," साहेब म्हणाले.

विंचू जोरात खोकला. त्याची बस आली, तो चढला, आणि खिडकीतून बराच वेळ दोघांकडे बघत राहिला.

किल्लीवाल्याचा रस्ता साहेबांच्या घरावरूनच होता. दोघं चालत निघाले. वाटेत एकदा साहेबांनी विचारलं, बदकं साधारण किती होती. किल्लीवाला म्हणाला, मोजलेली नव्हती, पण संध्याकाळी सगळी येत. इमारतीच्या दाराशी साहेब थांबले. वर स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती आणि फोडणीचा वास खालपर्यंत येत होता. बायकोने पास होण्याच्या हिशेबाने स्वयंपाक केला असणार, म्हणजे भरपूर.

साहेबांनी कोटाची बटणं काढली, पुन्हा लावली. "जेवून जाता का?" त्यांनी विचारलं.

किल्लीवाल्याने वर खिडकीकडे पाहिलं. त्याने खरोखर विचार केला, घाई केली नाही. मग म्हणाला, "नको."

"बरं," साहेब म्हणाले.

तो वळून चालू लागला. कोपऱ्यावर दिसेनासा होईपर्यंत साहेब दारात उभे होते. मग जिना चढून वर गेले. बायको पदराला हात पुसत दारातच उभी होती. तिने खिडकीतून पाहिलं होतं. निकालाचं तिने काही विचारलं नाही, तो चेहऱ्यावर होताच.

"अहो, पण त्यांना असं कसं जाऊ दिलंत? आजच्या दिवशी? हाताला धरून वर आणायचं की नाही? एवढा आग्रह तरी करायचा!"

साहेबांनी कोट काढून खुर्चीवर ठेवला.

"नको म्हणाला तो," ते म्हणाले, आणि हात धुवायला आत गेले.